आठवी खूण

१

आठव्या खुणेचं नाव विचारायचं नाही. खंडेनवमीला घरातल्या लेकीने देवघरातल्या दगडावरच्या आठही खुणा हळदीच्या बोटाने गिरवायच्या, आठवीवर आल्यावर येत्या वर्षी भट्टीवर बसणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मागे न बघता उठायचं. का, म्हणून विचारायचं नाही.

साक्षीने ‘का’ विचारलं नाही अशी गोष्ट त्या घरात शोधून सापडली नसती. बायकांनी पुरुषांची पंगत उठल्यावरच का जेवायचं? दुकानाच्या पाटीवर फक्त मुलग्यांची नावं का? तिच्या प्रश्नांना तिचे आजोबा नाथाजी इतके कावले होते की सणाला ती सांगलीहून गावी आली की त्यांना नेमकं शेतावर काम निघायचं. पण दगडाचं तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. वर्षातून एक मिनिटाचं काम, त्यासाठी कोण भांडत बसणार? इतकी वर्षं ते तिची आत्या मनुबाई करायची. तिचे हात कापायला लागले, तेव्हा गेल्या खंडेनवमीला साक्षीला बसवलं. साक्षीने बोटाला हळद लावली, खुणा गिरवल्या, “जयराज” म्हणाली आणि उठून मैत्रिणीचा फोन घेतला.

आता जयराज, तिचा थोरला भाऊ, वय वर्षं सव्वीस, जिना चढताना मध्येच थांबायला लागला होता.

२

गाव वडूजच्या पलीकडे, माळाला लागून. पाऊस नाही, पाणी नाही, म्हणून तीन-चार पिढ्यांपूर्वी इथली माणसं सोन्याचांदीची गलाई करायला मुलखोमुलखी पांगली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. हिणकस विरघळून जातं, तळाशी चोख सोनं राहतं. साक्षीच्या घरचं दुकान मदुरैला होतं. गावात आता प्रत्येक गलाईवाल्याचा बंगला आहे. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचं रेलिंग आणि फाटकाला कुलूप. दसऱ्याला आठ दिवस दारं उघडतात, जत्रेला पंधरा. एरवी त्या गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज मागून येतो.

तेजाब उकळताना तांबूस धूर उठतो. गल्ल्यावर बसणाऱ्यापर्यंत तो फारसा पोचत नाही. भट्टीवर बसणारा तो ओढतो. साक्षीच्या वडिलांनी, जोतीरामने, तो तेवीस वर्षं ओढला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याला आता चार वर्षं झाली, तेव्हापासून भट्टीवर जयराज बसतो. आई त्याआधीच गेली होती, पोरांना आत्तीने, मनुबाईनेच, वाढवलं. आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, खोकला सगळ्या घराला पाठ होता. दोन आखूड, एक लांब.

खंडेनवमीच्या तीन दिवस आधी आत्ती आणि साक्षी घर उघडायला आल्या. खालच्या मजल्याची झाडलोट झाली, भांडी घासून झाली, आणि साक्षी देवघरातला दगड पंच्यातून सोडवून लिंबू-राखेने घासायला बसली. सोनं घासून बघायचा कसोटीचा दगड असतो त्याच जातीचा, काळाभोर, पण शाळेच्या पाटीएवढा. वरची हळद निघाली, कोरीव खुणा उघड्या पडल्या, आणि साक्षीचा हात थांबला.

या खुणा ती लहानपणापासून बघत होती. पण या वर्षी तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प होता मूलद्रव्यांच्या चिन्हांच्या इतिहासावर, आणि गेले दोन महिने ती वहीत हेच काढत होती. मधे टिंब असलेलं वर्तुळ म्हणजे सोनं. चंद्रकोर म्हणजे चांदी. मग तांबं, लोखंड, कथील, शिसं, पारा. सात धातू, सात ग्रह. जुन्या युरोपातले किमयागार धातू असेच लिहायचे.

आठवी खूण मात्र त्यांच्यातली नव्हती. दोन मोकळी वर्तुळं, आणि त्यांच्या मधे एक वर्तुळ, ज्याच्या पोटात उभी रेघ.

ते तिने मागच्याच आठवड्यात काढलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज मास्तराने किमयागारांच्या खुणा मोडीत काढल्या आणि प्रत्येक मूलद्रव्याला एकेक गोल दिला. ऑक्सिजनचा गोल रिकामा, नायट्रोजनच्या गोलात उभी रेघ. दोन पदार्थ एकत्र आले की गोल शेजारी शेजारी मांडायचे. पुढे अक्षरं आली आणि गोल मागे पडले. त्या मास्तराला ती अक्षरं शेवटपर्यंत आवडली नाहीत म्हणतात. दोन ऑक्सिजन, मधे एक नायट्रोजन. तेजाब उकळताना उठणारा तांबूस धूर.

तिला आनंद झाला. हिशोब जुळत होता. दगड कोरणारे पणजोबा हरिबा मद्रासला कुणा साहेबाच्या हाताखाली होते. साहेबाच्या पुस्तकातून उतरवलं असणार. तिने फोटो काढला आणि भाजी निवडणाऱ्या आत्तीला हाक मारून सगळं सांगितलं. ही सोन्याची, ही चांदीची, आणि ही आठवी, आत्ती, ही धुराची.

आत्तीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

“नाव घेतलंस व्हय गं,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब.

३

साक्षी जिन्याने वर गेली. पायऱ्यांवर सहा महिन्यांची धूळ होती आणि त्या धुळीवर तिच्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं.

आण्णांची खोली शेवटची. कुलूप लावलेलं नव्हतं, नुसती कडी. गादीवर प्लास्टिक, खिडकीला निळा पडदा, टेबलावर वाफ घ्यायचं यंत्र, त्याची वायर नीट गुंडाळून रबर लावलेली. आण्णांनीच लावलेलं रबर, आता चिकट झालेलं. खोलीत कोंदट वास होता, बंद घराला येतो तोच. तिने खिडकी उघडली. समोर तिचे चुलते लालासाहेब यांच्या मेव्हण्याचा बंगला, त्याच्या पलीकडे आणखी एक, सगळ्यांच्या खिडक्या लावलेल्या.

टाकीच्या पाइपात हवा अडकली असणार. सहा महिन्यांनी पाणी सोडलं की नळ असेच ठसकतात. तिने बाथरूममधला नळ सोडून बघितला. तो ठसकला, गढूळ पाणी आलं, मग नितळ आलं. बघ, ती स्वतःशी म्हणाली.

नळ बंद करून ती खोलीच्या दारात आली, आणि खोकला पुन्हा आला. या वेळी खालून, देवघरातून.

ती खाली आली तेव्हा आत्ती वर बघतच नव्हती. ती दगडासमोर बसली होती. तान्ह्या पोराला थोपटावं तसा तिचा तळवा आठव्या खुणेवर हलत होता.

“पाइप वाजतोय,” साक्षी म्हणाली.

आत्ती व्हय म्हणाली. उठून तिने मेथी पुन्हा हातात घेतली.

४

दुसऱ्या दिवशी जयराज सांगलीहून आला, डॉक्टरांकडून. पाठोपाठ मदुरैहून आबा आणि तात्या आले. आबा म्हणजे नाथाजी, तात्या म्हणजे चुलते लालासाहेब. गाडीतून मुशी, चिमटे, तराजू, कस बघायच्या तेजाबाची छोटी बाटली, सगळं पूजेसाठी उतरवलं गेलं. जयराज तराजू घेऊन तीन पायऱ्या चढला आणि रेलिंगला टेकला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सरळ सांगितलं होतं. आत्ता थांबलास तर आहे ते टिकेल. अजून एक वर्ष त्या धुरात बसलास तर पुढचं माझ्याकडे विचारू नकोस.

साक्षीने तो फोटो जेवणाआधी सगळ्यांसमोर खिडकीच्या काचेवर धरला. तात्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले की दुसरा भरवशाचा माणूस मिळेपर्यंत एक वर्ष काढावं लागेल. उघड्यावर सोनं पडलेलं असतं, परका माणूस बसवून कसं चालेल? आबांनी फोटोकडे बघितलंच नाही.

“जोतीराम तेवीस वर्सं बसला,” ते म्हणाले. “त्यानं कवा तक्रार केली न्हाई.”

“तक्रार करायला श्वास कुठे होता, आबा?”

आत्तीने ताटं मांडली. जयराज हसत म्हणाला की तात्या बसले तर पहिल्याच धुराला मुशीत पडतील आणि तात्यांचंच सोनं होईल. मग त्याचं हसणं खोकल्यात गेलं. तो पाणी प्यायला उठला तेव्हा साक्षी त्याच्या मागे मोरीपाशी गेली आणि तू नाही म्हण म्हणून त्याच्या मागे लागली. एकदा तोंडाने म्हण, पुढचं मी बघते.

“माझ्या म्हणण्यावर काय हाय गं?” तो म्हणाला. “दगडावर नाव घेतलं की जायचं. आण्णा तसंच गेलं. तू नाव घेतलंस का मी गेलो. एवढं सोपं हाय.”

त्याने ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो सरळ आवाजात म्हणाला, उद्याची गाडी किती वाजता आहे ते सांगावं तसा.

५

सकाळी अवजारं धुवायला अंगणात मांडली होती. जयराज ओट्यावर झेंडूची माळ ओवत होता, तात्या त्याच्यापाशी पेपर वाचत होते. साक्षी देवघरात एकटी होती.

घासल्यापासून तिला एक गोष्ट टोचत होती. आठव्या खुणेच्या खाचेत एक बारीक पिवळट रेघ राहिली होती, लिंबाने गेली नव्हती. हळद असती तर गेली असती. सोनं असेल? सोनं असेल तर तेजाबाला दाद देणार नाही, पितळ असेल तर विरघळेल. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती. तेजाबाची बाटली देवघरातच ठेवली होती, आत काचेची काडी. तिने काडीने एक थेंब मधल्या गोलातल्या उभ्या रेघेवर सोडला.

रेघ पिवळीच राहिली. ओट्यावर जयराजला ठसका लागला.

तात्या म्हणाले, सुपारी खाऊ नको म्हटलं होतं. जयराज म्हणाला, सुपारी कुठली. दोघांचं बोलणं पुढे चाललं.

योगायोग. साक्षीने काडी पुन्हा बाटलीत बुडवली. एकदा झालं ते काहीच सिद्ध करत नाही, हे कॉलेजमध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात. तसंच्या तसं पुन्हा करून बघायचं. ती थोडी सरकून बसली, अशी की दारातून जयराज दिसावा. त्याची पाठ, पाठीवरचा चौकड्याचा शर्ट, हातातली सुई. मग तिने नजर त्याच्यावरून न काढता दुसरा थेंब सोडला.

सुई पडली. जयराज पुढे वाकला, दोन्ही हात छातीवर, तोंड उघडं, आणि त्या तोंडातून काहीच आवाज येईना. माळ ओट्यावरून घरंगळली. तात्या पेपर टाकून उठले. शर्टाची पाठ ताणली गेली होती, हलत नव्हती.

साक्षीने तांब्यातलं सगळं पाणी दगडावर ओतलं.

जयराजने श्वास घेतला. विहिरीतून वर येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

दुसरा थेंब तिने मुद्दाम टाकला होता. हे ती पुढे कुणालाच सांगू शकली नाही, त्याला तर नाहीच.

६

तात्या जयराजला खांद्याला धरून आतल्या खोलीत घेऊन गेले, आडवं केलं, पंखा लावला. साक्षी दगडापाशीच राहिली. पाणी दगडावरून ओघळून फरशीवर गेलं होतं, फक्त खुणांच्या खाचांत राहिलं होतं. कडेच्या दोन गोलांत ते काठोकाठ होतं.

मग ते खाली गेलं. आणि वर आलं.

ती वाकली. दगड थंड होता, फरशी थंड होती, वरचा पंखा बंद होता. दोन्ही गोलांतलं पाणी एकाच वेळी खाली जात होतं आणि एकाच वेळी भरून येत होतं. आतल्या खोलीतून जयराजच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती आणि पाणी तिच्या तालावर चाललं होतं. तिने मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. मिनिटाला अठ्ठावीस. दोन्ही सारखे.

जयराजला झोप लागली असावी, घरघर संथ झाली. पाणीही संथ झालं. आणि तेव्हा तिला दिसलं की त्या संथ हालचालीच्या मधून दुसरी एक हालचाल चालली आहे. पाण्याला बारीक धक्के बसत होते. दोन आखूड, एक लांब. त्याच्याही खाली आणखी काही होतं, कापरं, पुष्कळ, एकमेकांत मिसळलेलं. ते मोजता येईना.

तिने बोट पाण्याच्या जवळ नेलं, लावलं नाही. बोटाच्या टोकाला ऊब लागली, आली आणि गेली. तेजाबाचा वास, त्यात कपड्याच्या साबणाचा. आण्णा मदुरैहून आले की त्यांची बॅग उघडल्यावर यायचा तो.

आत्ती मागे येऊन उभी होती.

“दिसलं व्हय तुला,” ती म्हणाली.

“आत कोण आहे, आत्ती?”

“इचारू नगं.” ती भिंतीला धरून खाली बसली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. “माझा भाऊ हाय. तेवीस साल मीच त्याचं नाव घेतलं न्हवं का. आता नाव घेऊन गिरवलं की वरीसभर त्याला जरा मोकळं हुतं, नावाबिगर नुसतं गिरवून भागत न्हाई. मला कळतं ते. एक डाव तापानं पडले हुते, चार दिस उशीर झाला गिरवायला, तर असा तडफडला गं…”

“आणि गिरवलंच नाही तर?”

आत्ती पदराने फरशीवरचं पाणी टिपायला लागली. तिला माहीत असावं, पण ते तोंडाने म्हणणं तिला जमणार नसावं.

साक्षी जेवणाची हाक येईपर्यंत तिथेच बसून राहिली. आण्णा गेले त्या दिवशी तिची परीक्षा होती. ती सांगलीत होती, शेवटचा श्वास तिने ऐकला नव्हता. आता तो तिच्यासमोर चालू होता. आण्णांशी बोलावं असं वाटत होतं, पण त्यांना उत्तर द्यायला लागलं असतं आणि त्यासाठी पुन्हा श्वास लागला असता.

७

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता देवघरात सगळे बसले. मुशी, चिमटे, तराजू पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू झालं. नवी माळ आत्तीने ओवली होती. मधोमध दगड, कोरडा पुसलेला. जयराज दारापाशी भिंतीला टेकून बसला होता, स्वच्छ पांढऱ्या शर्टात, जायला तयार.

साक्षीने बोट हळदीत बुडवलं. सोनं. चांदी. तांबं. लोखंड. कथील. शिसं. पारा. सात खुणा पिवळ्या झाल्या. आठवीपाशी बोट थांबलं. खाचेच्या अगदी वर, केसभर अंतरावर, आणि तिथे त्याला ती ऊब लागत होती.

“म्हण,” तात्या म्हणाले. “जयराज म्हण.”

कुणाला वाटलं असतं ती भांडेल. तीही तेच ठरवून बसली होती, फोटो, डॉक्टर, सगळं. पण ते सगळं मागे पडलं. आपण बोट उचललं तर कुणाचा श्वास संपणार आहे, हे त्या खोलीत तिला आणि आत्तीला नक्की कळत होतं. बाकीच्यांचं तिला माहीत नव्हतं. तिने मान वर करून आबांकडे बघितलं, आणि तिला समजलं की त्यांनाही ठाऊक आहे. ते दगडाकडे बघत नव्हते. एकदाही नाही. तात्याही नाही.

“तुम्हाला ऐकू येतं,” ती म्हणाली. “सगळ्यांनाच. इतकी वर्षं.”

“गिरव, पोरी.” आबांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता, म्हातारा, विनवणीचा. “माझा ल्योक हाय त्यो.”

“हा नातू आहे.”

“नाव न्हाई घेतलंस, न्हाई गिरवलंस, तर जोतीरामचं काय व्हईल? मारतीस व्हय त्याला?”

खाचेवरची ऊब आली, गेली. आली, गेली. साक्षीने तिला थोडा वेळ येऊ दिलं. पाच, सहा वेळा. आणखी एकदा. मग तिने हात मागे घेतला आणि बोटावरची हळद स्वतःच्या ओढणीला पुसली, नखाच्या कडेपर्यंत.

“मी नाव घेणार नाही. गिरवणारही नाही.”

तात्या आत्तीकडे वळले. त्यांनी हळदीची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले की मने, तू कर, इतकी वर्षं तूच गिरवलंस, तुला चालतं. आत्तीचे डोळे गळत होते. तिने वाटीकडे बघितलं, दाराशी बसलेल्या जयराजकडे बघितलं, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

“साक्षे,” आबा म्हणाले, “त्यो तुझा बाप हाय.”

“म्हणूनच, आबा. त्यांना आता थांबू द्या. खूप झालं त्यांना.”

आबांचे ओठ हलले. तात्या काही म्हणायला पुढे झुकले आणि तसेच राहिले, तोंड अर्धवट उघडं, मान एका बाजूला कलती, कशाची तरी वाट बघणाऱ्यासारखी. आत्तीने डोळे मिटून घेतले. कुणी कुणाकडे बघेना. बाहेर कुणाच्या तरी बंगल्याचं फाटक उघडलं, लोकांचा आवाज आला, गाडी सुरू झाली आणि दूर गेली. दोन आखूड, एक लांब खोकला मात्र पुन्हा आला नाही.

देवघरात एवढी माणसं बसली होती, आणि श्वासाचा आवाज फक्त जयराजचा येत होता.